साने गुरुजी आणि राउळाचं दार
पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. अमळनेरात मास्तरकी केली, स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगला. पण आम्हां वारकऱ्यांवर त्यांचं ऋण निराळंच आहे. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, अन् त्यांच्याच भाईबंदांना पुढं मज्जाव! गुरुजींनी महाराष्ट्र पालथा घातला, गावोगावी मनं वळवली. मग १ मे १९४७ ला पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी दार उघडायचं ठरलं. त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. कायद्यानं राउळ उघडलं खरं. पण पंगतीत शेजारी पान मांडायचं कलम कोण लिहिणार? म्हणूनच गुरुजी आधी माणसांच्या दारी गेले, असं आम्हांला वाटतं. ११ जून १९५० ला ते गेले. गावोगावच्या पंगती एक व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. काही ठिकाणी अजून लागताहेत.