कै. अण्णासाहेब कर्वे आणि वर्गणीची झोळी

सार्वजनिक कार्यास पैसा मिळत नाही, अशी ओरड आमच्या चिपळुणात वारंवार ऐकू येते. ती करणारांनी शेजारच्या खेड तालुक्यातील शेरवली गावी १८५८ साली जन्मलेल्या धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पाहावे.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी पुण्यास निघाली, तेव्हा अण्णांनी स्वतःची पुंजी तीत प्रथम घातली. पुढे आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसीही दिली. पत्नीस संताप आला, तो आमच्या मते वाजवीच होता. तथापि दात्यांच्या दारी अण्णांच्या शब्दास वजन आले ते यामुळेच.

त्याहून बिकट प्रश्न विश्वासाचा होता. अण्णांनी १८९३ साली स्वतः विधवेशी विवाह केलेला. आश्रमास दिलेला पैसा पुनर्विवाहाकडे वळेल, ही धास्ती जुन्या मताच्या गृहस्थांस वाटे. म्हणून पुनर्विवाहाच्या मंडळीचे चिटणीसपद त्यांनी सोडले. कित्येक सुधारकांनी यास माघार म्हटले. आम्ही म्हणणार नाही. ज्या कार्यासाठी द्रव्य घेतले त्याच कार्यी ते लावणे ही माघार कशी?

रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तेथे आश्रमाची झोपडी झाली. मोठे दान वीस वर्षांनी आले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठास पंधरा लक्ष देऊ केले, व विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. मोठ्या दानाबरोबर अटीही येतात. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्याच सुमारास खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी ते पुन्हा दारोदार लहान वर्गण्या मागू लागले.