फ्रीड्रिख आउगुस्ट वोल्फ : होमरचा संपादक

होमरची महाकाव्ये मूळ ग्रीकमध्ये प्रथम छापली गेली ती १४८८ मध्ये, फ्लॉरेन्स येथे. पुढील तीनशे वर्षे आवृत्त्या निघत राहिल्या, होमरच्या कर्तृत्वाविषयी अधूनमधून शंकाही घेतल्या गेल्या. त्या शंकांना शास्त्राचे रूप दिले ते वोल्फने, आणि तेही होमरची नवी आवृत्ती सिद्ध करीत असताना.

हाइनरोडे या जर्मन खेड्यात १७५९ मध्ये एका शिक्षकाच्या घरी त्याचा जन्म झाला. १७७७ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठात आपली नोंद धर्मशास्त्राचा नव्हे, तर फिलॉलॉजीचा विद्यार्थी म्हणूनच व्हावी, असा हट्ट त्याने धरला. १७८३ मध्ये तो हाले येथे प्राध्यापक झाला.

व्हिल्वाझाँ या फ्रेंच विद्वानाने १७८८ मध्ये व्हेनिस येथील दहाव्या शतकातील ‘इलियड’ची पोथी तिच्या समासातील टीपांसह प्रसिद्ध केली. कोणती ओळ प्रक्षिप्त, कोणत्या पोथीत कोणता शब्द, यांविषयीचे अलेक्झांड्रियाच्या पंडितांचे वाद त्या टीपांत जतन झाले होते. व्हिल्वाझाँला ते होमरच्या अभ्यासाचे भांडार वाटले. वोल्फला त्यात संहितेची अस्थिरता दिसली. १७९५ च्या ‘प्रोलेगोमेना’त त्याने मांडले की होमरच्या काळी काव्य लिहून ठेवण्याची प्रथा नव्हती, गायकांच्या मुखी राहिलेली गीते इ. स. पू. सहाव्या शतकात अथेन्समध्ये लेखनिविष्ट झाली व जुळवली गेली. संपादकाला फार तर अलेक्झांड्रियाच्या पंडितांच्या पाठापर्यंत पोहोचता येईल. (पुण्यातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखटणकर, ज्यांचे शिक्षण बर्लिनला झाले होते, त्यांनीही व्यासांची मूळ संहिता हाती लागल्याचा दावा केला नाही.)

या ग्रंथाने खळबळ उडाली. वोल्फचे गुरुस्थानी असलेल्या हायनेने या कल्पना आपल्याच असल्याचे सुचवले. दोघांत उघड वाद झाला. गटेने आधी स्वागत केले आणि नंतर तो एकाच होमरकडे परतला. लाखमानने १८३७ पासून ‘इलियड’ची अठरा गीतांत फाळणी केली, हा मात्र वोल्फच्या सूत्राचा अतिरेकच म्हणावा लागेल. १९३० नंतर मिल्मन पॅरीने युगोस्लाव्हियातील गायकांचा अभ्यास केला, तेव्हा निरक्षर गायकही दीर्घ काव्य रचू शकतो हे दिसून आले. वोल्फचे मौखिकतेचे गृहीतक त्यामुळे बळावले, पण तेवढ्यावरून जुळवाजुळवीचा सिद्धांत अपरिहार्य राहिला नाही.

१८०६ मध्ये नेपोलियनने हाले विद्यापीठ बंद केले. वोल्फ बर्लिनला गेला. तिथे मात्र त्याच्या हातून फारसे लेखन झाले नाही. १८२४ मध्ये प्रकृतीसाठी दक्षिणेकडे निघालेला असताना मार्सेय येथे त्याचा मृत्यू झाला. ‘प्रोलेगोमेना’चा दुसरा भाग कधीच प्रसिद्ध झाला नाही.