लंगडणाऱ्या गणितज्ञाचं चालणारं यंत्र

इंजिनिअरिंग केलेल्या मंडळींना चेबिशेव हे नाव ‘चेबिशेव फिल्टर’मुळे ओझरतं आठवत असेल. (फिल्टर त्याने केला नाही, त्याचं गणित वापरून इतरांनी केला.) पण चालणाऱ्या यंत्रांचा विषय निघाला की या रशियन माणसापासूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं.

पाफ्नुती चेबिशेव १८२१ साली कालुगा प्रांतातल्या ओकातोवो गावी जन्मला. वडील लष्करी अधिकारी. मुलाचा मात्र एक पाय लहानपणापासूनच अधू, चालणं काठीच्या आधाराने. लष्कराचा प्रश्नच मिटला. मग राहिलं गणित! मॉस्कोत शिक्षण, १८४७ पासून पीटर्सबर्गच्या विद्यापीठात नोकरी.

१८५२ साली युरोपात फिरताना त्याने वाफेची इंजिनं बारकाईने पाहिली. जेम्स वॅटने दांड्या अशा जोडल्या होत्या की गोल फिरणाऱ्या हालचालीतून जवळजवळ सरळ रेषा मिळे. हे ‘जवळजवळ’ चेबिशेवला खुपलं. चूक कमीत कमी कशी ठेवायची, या प्रश्नातूनच त्याच्या प्रसिद्ध बहुपदी आल्या.

आणि त्यातूनच पुढे यंत्राचा पाय निघाला. फिरत्या दांडीला आणखी दोन दांड्या नीट मापाने जोडल्या, की टोकाचा बिंदू अर्धा वेळ सरळ जातो आणि उरलेला वेळ कमानीसारखा वर उचलून परत येतो. पाऊल जमिनीवर मागे सरकतं, मग उचलून पुढे पडतं, अगदी तसंच! असे चार पाय, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन-दोन एकदम उचलणारे. हे यंत्र १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं गेलं. चालताना त्याचं धड वरखाली होत नाही, आपलं होतं. स्वतः लंगडणाऱ्या माणसाला अशी संथ चाल सुचावी, हा योगायोग नसावा, पण हा आपला माझा तर्क.

अडचण एकच. पाऊल ठरल्या वाटेनेच पडणार. वाटेत दगड आला की संपलं. माणूस दर पावलाला थोडा पुढे पडतो आणि स्वतःला सावरतो. ते सावरणं दांड्यांत बसत नाही. त्यासाठी लागणारं स्थिरतेचं गणित १८९२ साली मांडलं त्याच्याच शिष्याने, ल्यापुनोवने. दोन पायांचा रोबो धक्का बसल्यावर पुन्हा चालीवर येईल का, हे तपासायला आजही ते वापरतात.

चेबिशेव १८९४ साली पीटर्सबर्गला वारला. आदल्या वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात त्याची आणखी एक वस्तू होती: बसल्या बसल्या स्वतःच चालवायची चाकांची खुर्ची.