साडेअकरा पौंडांचा हिशेब

आठवीत असताना बाबासाहेबांच्या जयंतीला मी भाषण केलं होतं. ते ऐकलेले काही जण हा लेख वाचतील. त्या भाषणात अठरा-अठरा तासांचा अभ्यास होता, ग्रंथालय होतं, परदेशातल्या पदव्यांची यादी होती. पैसे कुठेच नव्हते. बडोद्याच्या महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, या एका वाक्यात मी त्यांना बोटीत बसवून न्यूयॉर्कला उतरवलं होतं.

यंदा माझ्या भाचीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. शिष्यवृत्तीचा आकडा ठळक अक्षरांत होता, घरात लगेच पेढे आले. मी सवयीने एक्सेल उघडलं. शिक्षणशुल्क, खोली, जेवण, आरोग्यविमा, पुस्तकं, विमानाचं तिकीट. या सगळ्याच्या बेरजेला तिकडे कॉस्ट ऑफ अटेंडन्स म्हणतात, आणि शिष्यवृत्ती वजा करायची ती या बेरजेतून, नुसत्या शुल्कातून नाही. उरलेला आकडा पाहून ताई गप्प झाली. त्याच आठवड्यात मी कीरांनी लिहिलेलं आंबेडकरांचं चरित्र पुन्हा काढलं आणि या वेळी पेन्सिल घेऊन पैशांच्या जागा शोधत वाचलं.

पहिली मदत महिना 25 रुपयांची. इंटर झाल्यावर भीमरावांचं शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे नेलं. त्या पैशांवर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालं. 1913 च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर गेले आणि 2 फेब्रुवारीला वडील, सुभेदार रामजी, वारले. घरची जबाबदारी अंगावर आली असतानाच परदेशी शिक्षणाची संधी चालून आली.

4 जून 1913 ला त्यांनी संस्थानाशी करार केला. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोद्याची दहा वर्षं नोकरी. तेव्हा पौंड 15 रुपयांचा होता, म्हणजे महिना सुमारे 172 रुपये. ऐकायला भरपूर. पण न्यूयॉर्कमध्ये त्याचे साधारण 56 डॉलर होत, आणि त्यातूनच परळच्या चाळीत राहणाऱ्या रमाबाईंना पैसे पाठवायचे होते. घरी पाठवायच्या रकमेचा रकाना कुठल्याच विद्यापीठाच्या पत्रकात नसतो. माझ्या एक्सेलमध्येही नव्हता, तो मी नंतर घातला.

कोलंबिया विद्यापीठात 1915 ला एम.ए. झालं. पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं घेतली, ती दोन हजारांच्या घरात गेली. 1916 ला ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत मात्र संपत होती आणि बडोद्याने ती पुढे वाढवून दिली नाही. 1917 ला अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. जमेची बाजू एवढीच, की चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. पुढे सगळं त्या परवानगीवर उभं राहिलं.

युद्धाचे दिवस होते. त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती पाणतीराने बुडवली. भरपाईचे 600 रुपये मिळाले, आणि करार पाळायला बडोद्याला जाण्याची सोय त्यातून झाली. म्हणजे बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून ते शिष्यवृत्ती फेडायला निघाले.

बडोद्यात काय झालं ते आपल्याला शाळेत दोन ओळींत शिकवलं. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा नाही म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली. संध्याकाळपर्यंत वेळ मागून ते बाहेर पडले, जागा कुठेच मिळाली नाही, एका बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आले. करारात दहा वर्षं नोकरीची अट होती, राहायला घर देण्याची अट नव्हती.

पुढे बडोदा संस्थानाने शिक्षणावर केलेला खर्च परत मागितला. रक्कम 20 हजार रुपयांहून अधिक होती. बऱ्याच वर्षांनी संस्थानाने तो नाद सोडला, पण मधल्या काळात जी शिष्यवृत्ती होती तिचं कर्ज झालं होतं. सयाजीरावांचं ऋण मोठंच आहे, ते बाबासाहेबांनीही मानलं. तरी कागद कागदच असतो.

1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात महिना 450 रुपयांची प्राध्यापकी मिळाली. त्या पगारात काटकसर करून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि नवल भथेना या पारशी मित्राने 5000 रुपये कर्जाऊ दिले. 1920 ला ते चार वर्षांच्या मुदतीत लंडनला पोचले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी., मधे बॅरिस्टरी. मुंबईला आल्यावर वकिलीच्या सनदेचे पैसेही हातात नव्हते, तेही भथेनांनीच दिले.

इथे थोडं माझं. इंजिनिअरिंगला मला फी माफ झाली होती, बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. मेस, खोली आणि ड्राफ्टर यांचा विचार कोणी केला नव्हता. दुसऱ्या सत्रात थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव फलकावर लागलं आणि मी बॅग भरली. तो आकडा आपल्या शाळेतल्या एका बाईंनी भरला. मेळाव्याला त्या पहिल्या रांगेत असतील. बाई, तुम्ही पैसे परत घेतले नाहीत म्हणून हे छापून टाकते आहे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्या काळात, 1944 साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. आजही तिच्यात शुल्काशिवाय निर्वाह भत्ता वेगळा असतो. आपल्या वर्गातले काही जण तिच्यावर शिकले. भत्ता उशिरा यायचा, हेही त्यांना आठवत असेल.

भाचीने विद्यापीठाला तीन प्रश्न लिहून पाठवले. ही मदत चारही वर्षं मिळणार का, गुण किती राखावे लागतील, आणि शुल्क वाढलं तर मदत वाढेल का. दोनांची उत्तरं आली. तिसऱ्याचं अजून यायचं आहे, पेढ्यांचा दुसरा डबा तोवर फ्रिजमध्ये आहे.