शोधपत्रकारितेचे शिक्षण आणि नारायण मेघाजी लोखंडे

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील तरुण वार्ताहरांना शोधपत्रकारितेचे शिक्षण मिळावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तेंदूपानांची मोजणी, बांबूच्या वाहतुकीचे परवाने, ग्रामसभांचे ठराव, खाणींसाठी गेलेली जमीन या प्रत्येकाचा कागद कोठे ना कोठे असतोच. तो मिळवून वाचणारा मनुष्य मात्र विरळा. परंतु असे शिक्षण देताना अमेरिकेतील वॉटरगेट प्रकरणापासूनच प्रारंभ करावा, हा आग्रह अनाकलनीय आहे. त्याच्या नव्वद वर्षे आधी मुंबईत एका मराठी संपादकाने हे काम करून दाखविले होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यास झाला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे ते मुंबईच्या एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. त्यांची खरी शाळा हीच म्हटली पाहिजे. कामगार पहाटे केव्हा येतो, पगार किती लांबतो, यंत्रात हात सापडलेल्याचे पुढे काय होते, हे त्यांना कोणास विचारावे लागले नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईत आणले.

१८८१ च्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरविले. प्रौढ कामगारांच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते. १८८४ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी परळ भागात गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि जखमी कामगारास भरपाई, एवढ्या त्या मागण्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या निवेदनाची रचना अवश्य पाहावी. त्यातील प्रत्येक मागणी घड्याळाने, पंचांगाने अथवा रुपयाने मोजता येते.

यात जोखीम होती. भारतीय गिरण्यांवर निर्बंध यावेत ही मँचेस्टरच्या कारखानदारांचीही इच्छा होती. त्यामुळे अशा कायद्याची मागणी करणारा परक्यांच्या हातातील बाहुले ठरण्याचा संभव असे. अनेक राष्ट्रवादी पत्रे गिरणीमालकांच्या बाजूस झुकलेली होती. आपल्या वृत्ताचा लाभ भलताच कोणी घेईल, या भयाने वृत्त दडपावे काय, हा प्रश्न आज वनजिल्ह्यांतील वार्ताहरापुढेही येतो. तेथे सरकार आणि बंदूकधारी हे दोघेही त्याच्या लेखणीकडे संशयाने पाहतात.

लोखंडे सदैव निर्भय होते, असे मात्र नाही. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली प्रकरणे ‘दीनबंधु’त आली आणि पुढील भाग छापण्याचे त्यांनी टाळले. फुल्यांना याचा संताप आला. वनखात्याच्या जाचाचाही समाचार घेणारे हे पुस्तक संपादकाच्या हातात येऊन अर्धे राहावे, ही गोष्ट प्रशिक्षणवर्गात लपवू नये. दडपण कोठून व कसे येते, हे तिच्यातून अधिक कळते.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. साप्ताहिक सुटी १८९१ च्या कायद्यात आली.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट चालवून कायदे समजून घेतले, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकारही. तेथील वार्ताहराने प्रथम अशा अभ्यासगटात बसावे. लोखंडे गिरणीच्या भांडारात जे शिकले, त्याच्या जवळचे शिक्षण त्याला तेथे मिळेल.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग पसरला. रोग्यांच्या शुश्रूषेत गुंतलेल्या लोखंडे यांनाच त्याने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.