फीटचा हिशोब ठेवणारा लेखक

हिंगोलीच्या बाजारात काय किंवा एसटी स्टँडवर काय, कुणाला फीट आली की लोक आधी कांदा नाहीतर चप्पल शोधतात. पण ज्याला फीट येते त्यानंच तिची नोंद ठेवली तर? फ्योदोर दस्तयेवस्कीनं ठेवली होती. हो, 'गुन्हा आणि शिक्षा'वालाच.

जन्म 1821, मॉस्को. 1849 मध्ये सरकारविरोधी मंडळात बसल्याबद्दल त्याला गोळ्या घालायला मैदानात उभं केलं आणि ऐनवेळी शिक्षा बदलली. मग सैबेरियात चार वर्षं सक्तमजुरी, पायांत बेड्या. तिथून सैन्यात. 1857 मध्ये लग्न करून परतताना बार्नाउल गावी जोराचा झटका आला. नवी नवरी हादरलीच. तोवर डॉक्टर नुसता नसांचा त्रास म्हणायचे. इथल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, ही मिरगी आहे.

तेव्हा ना एमआरआय, ना ईईजी. माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख हान्स बर्गरनं काढला तो थेट 1924 मध्ये. मग हा पठ्ठ्या स्वतःच वहीत लिहायचा: तारीख, झटका केवढा, हवा कशी, चंद्र कुठला. चंद्राचं सोडा, पण बाकीचं आजही न्यूरोलॉजिस्ट आधी तेच विचारतात. कधी आली, किती वेळ, शुद्ध होती का, पाहिलं कुणी? मोबाइलवर व्हिडिओ असेल तर उत्तमच. ईईजी नॉर्मल आला तरी मिरगी असू शकते, म्हणून ही माहिती लाखमोलाची. नियमित गोळ्यांनी शंभरातले सत्तरपर्यंत रुग्ण फीटमुक्त राहू शकतात. मनानं गोळी बंद केली की खेळ बिघडतो. दस्तयेवस्कीच्या नशिबी असली गोळीच नव्हती.

झटक्यानंतर कित्येक दिवस त्याचं डोकं जड, मन उदास, आठवण दगा देणारी. तरी 1866 मध्ये 'जुगारी' त्यानं 26 दिवसांत सांगून लिहून घेतली (आमच्या डेडलाइन्स काहीच नाहीत!). ती लिहून घेणारी ॲना पुढं त्याची बायको झाली. 'इडियट'चा नायक मिश्किन यालाही त्यानं आपलाच आजार दिला, लपवला नाही.

1878 मध्ये त्याचा धाकटा मुलगा अल्योशा तासन्‌तास न थांबलेल्या झटक्यात गेला. तीन वर्षांचाही नव्हता. आज पाच मिनिटांत फीट थांबली नाही तर थेट दवाखाना गाठतात. तोवर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. तेव्हा बाप नुसता बघत राहिला. आपला आजार पोराला गेला, हे त्याला आयुष्यभर खुपलं. पुढच्या, शेवटच्या कादंबरीतल्या नायकाला त्यानं तेच नाव दिलं, अल्योशा.