वऱ्हाडी बोलीचे लोकशिक्षक : संत गाडगेबाबा

संत गाडगेबाबांचा, म्हणजेच डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने त्यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या मामाच्या गावी गुरे राखण्यात गेले. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्यास आलेच नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार उरला.

अशा या निरक्षर पुरुषाच्या कीर्तनास हजारो लोक जमत. दिवसा गाव झाडावे आणि रात्री त्याच गावकऱ्यांसमोर उभे राहावे, हा त्यांचा क्रम होता. पोथीची भाषा बाजूस ठेवून ते वऱ्हाडी बोलीत बोलत. कर्ज, दारू, पशुबळी, अस्पृश्यता हे श्रोत्यांच्या जगण्यातलेच विषय ते हाती घेत. सांगण्यापूर्वी ते प्रश्न विचारीत आणि अडाणी ठरविलेल्या माणसांच्या मुखातूनच उत्तर वदवून घेत. घरची भांडी मोडावी लागली तरी चालेल, पण लेकरांना शिकवा, असा त्यांचा आग्रह असे. विद्येचे सामर्थ्य पटविताना ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला देत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावनजीक प्रवासातच गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली.

या जीवनाचे स्मरण करताना आम्हांस आपल्या भागातील निवासी शाळांचे वर्ग आठवतात. तेथे कुणी मेळघाटातून कोरकू घेऊन येतो, कुणी तांड्यावरून गोरमाटी, तर कुणाच्या तोंडी 'मले', 'तुले' असते. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत आणि पुढे इंग्रजीत. पहिल्याच उत्तराला वर्ग हसला की ते लेकरू गप्प होते, आणि त्याच्या मौनालाच आपण मंदपणा समजतो. कित्येकांची शाळा अशीच सुटली.

प्रमाण भाषा शिकविलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून परीक्षेची व नोकरीची दारे उघडत नाहीत. परंतु तिच्याकडे नेणारी वाट मुलाच्या घरच्या शब्दांपासून निघावी. त्याला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्यावे, मग त्याच उत्तराचा प्रमाण शब्द त्याच्या हाती द्यावा. बाबांच्या कीर्तनात कोणताही श्रोता आपल्या बोलीपायी ओशाळला नाही. आमच्या वर्गांतही कोणी ओशाळू नये, हीच त्यांना आमची आदरांजली.